शीबाई आणि नाल्यावरची बोंडं

जरा डोळे मिटा आणि हात पुढे करा. तळवा वर ठेवा. आता कल्पना करा, त्या तळव्यावर कुणीतरी एक फळ ठेवलं आहे. लिंबाहून थोडं मोठं, उन्हाने कोमट झालेलं, जांभळट लाल. वरून गुळगुळीत दिसतं, पण मूठ मिटलीत तर संपलात. त्याच्या अंगावर केसाहून बारीक कुसं असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकदा बोटात शिरली की लिहिताना, जेवताना, बटण लावताना आठवण करून देत राहतात. आता ते फळ चिरलं. आतून गर बाहेर आला. बुळबुळीत, तार धरणारा, सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून यावा तसा, फक्त लालभडक. त्यात मिऱ्यासारख्या टणक बिया. आणि आता कुणीतरी तुम्हाला म्हणतंय, "खा."

"शीऽऽ!" म्हणालात ना?

मग या गोष्टीतली मुलगी तुम्हाला लगेच ओळखीची वाटेल. तिला घरीदारी सगळे शीबाईच म्हणत. दुधावरची साय, शीऽ. ओलं पायपुसणं, शीऽ. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने चावलेली पेन्सिल, शीऽ शीऽ. तिची आई म्हणायची, "या बाईच्या नाकासाठी वेगळी खोली बांधावी लागणार. एका खोलीत आपण राहू, दुसरीत हिचं नाक."

घर दोनच खोल्यांचं होतं, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी आजोबांची खाट होती. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता पायांत जोर उरला नव्हता आणि मुतखड्याच्या ऑपरेशननंतर ते खाटेवरच असत. पण खिडकीतल्या टेबलावर त्यांचं सामान अजून तसंच मांडलेलं होतं. टोकदार चिमटे, इवलासा ब्रश, डोळ्याला लावायचं काळं भिंग. त्याच टेबलावर एका पेल्यात त्यांची कवळी पाण्यात बुडालेली असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत असे. शीबाई त्या पेल्याकडे पाठ करून अभ्यासाला बसायची.

पण कवळी परवडली. खाटेखाली आजोबांचं लघवीचं भांडं असायचं. आई कामावरून येईपर्यंत ते वर्तमानपत्राने झाकलेलं, तिथेच. दुपारी ऊन आत आलं की खोलीभर असा वास सुटायचा की शीबाई नाक चिमटीत धरून, श्वास कोंडून खाटेजवळून पळत जायची.

"आगगाडी गेली वाटतं," आजोबा म्हणायचे. "आमच्या स्टेशनावर थांबतच नाही."

शीबाईचे वडील लांबच्या मालट्रकवर ड्रायव्हर होते, महिनामहिना बाहेर असत. म्हणून आजोबांचं सगळं आईच करायची. आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथे वॉर्डावॉर्डांतल्या चादरी येतात. कशाने भरलेल्या असतात ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. आई त्या निवडायची, डाग बघायची, कुठला डाग गार पाण्यात घालायचा आणि कुठला उकळत्या, ते ठरवायची. घरी आली की आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत घासायची, मग आजोबांचं भांडं उचलायची. तिच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही.

इमारतीच्या मागे नाला होता. काळा, जाडसर, कधी वाहायचा आणि कधी नुसताच फसफसायचा. नाल्याच्या काठाला कचऱ्याच्या मोठ्या पेट्या आणि पेट्यांच्या मागे एक पडकी भिंत. त्या भिंतीवर फड्या निवडुंग माजला होता. तो कुणी लावला नव्हता. निवडुंगाचं असंच असतं. एक फडा मोडून पडला, की पडल्या जागी मुळं धरतो. आणि बरं का, त्या हिरव्या जाड थाळ्यांना आपण पानं म्हणतो, पण ती पानं नव्हेत. ते त्याचं खोड आहे. पोटात पाणी साठवून बसलेलं खोड. पानांचे झाले काटे. त्या फड्यांच्या कडेला पिवळी फुलं येतात आणि फुलांमागून ही बोंडं.

आजोबांना खिडकीतून ती बोंडं दिसायची. हिरवी होती तोवर ते गप्प होते. लाल झाली तसा त्यांना धीर निघेना. रोज त्यांच्या ताटात मऊ भात आणि उकडलेला भोपळा, त्यालाही मीठ नावापुरतं.

"शीबाई," एका दुपारी ते म्हणाले, "एकच आण गं. एकच. जिभेला विसर पडलाय की ती जीभ आहे."

"नाल्यावरचं? शीऽऽ आजोबा!"

"नाला खाली आहे. बोंड वर आहे. दोघांची बोलचालसुद्धा नाही."

ती गेली. का गेली, तर आजोबा कधी काही मागत नसत. स्वयंपाकघरातली सांडशी एका हातात, नाक दुसऱ्या हातात. पेट्यांभोवती माश्यांचा ढग होता. कुजलेल्या पालेभाजीवरून पाय सटकला. फड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं काहीतरी होतं. ते सांडशीने टोकरलं तर तो कापूस नव्हताच. त्याच्याखाली बारीक किडे होते, आणि चिरडले की भडक लाल पाणी. शीबाईने एक बोंड सांडशीत पकडलं, पिरगाळलं आणि जी धूम ठोकली ती जिना चढूनच थांबली.

मग मात्र तिने जे पाहिलं ते तिला आवडलं, थोडंसं. आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं, बारीक चिमटा घेतला आणि घड्याळाचा काटा काढावा तसं एकेक कूस बोंडावरून उचललं. इतर वेळी थरथरणारे त्यांचे हात त्या कामात अगदी स्थिर होते. सगळी कुसं निघाल्यावर ब्रश फिरवला. साल सोलली.

पुढचं तिला अजिबात आवडलं नाही. आजोबांनी कवळी काढली, बोंड तोंडात घातलं आणि हिरड्यांनी चोखायला लागले. फुर्र, चप्, चप्. लाल रस हनुवटीवरून गळ्यापर्यंत. डोळे मिटलेले. बिया त्यांनी तळहातावर थुंकल्या, लाळेच्या तारेसकट.

"शीऽऽऽ!"

"अहाहा," आजोबा म्हणाले.

त्यानंतर शीबाई अधूनमधून एखाददुसरं बोंड आणू लागली. आई कामावर असताना. आणि एक दिवस आईला चादर झटकताना बिया सापडल्या. तिने त्या हातात घेतल्या, खिडकीतून भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं.

"बाबा," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, इतक्या हळू म्हणाली. "मी दिवसभर लोकांची घाण धुते. तुमचीही करते. त्याचं मला काही नाही, ते काम आहे. पण उकिरड्यावरचं वेचून खायला लागलात ना, तर मला तुमच्या ताटाला हात लावायची किळस येईल."

आजोबांनी पेल्यातली कवळी काढून तोंडात घातली आणि खोलीच्या भिंतीकडे वळून पडून राहिले.

बरेच दिवस बोंडाचं नाव निघालं नाही. पण भिंतीवर ती पिकून गर्द जांभळी झाली, आणि आजोबांची नजर काही हटेना. शेवटी शीबाईच म्हणाली, "एकदाच हं. आणि बिया गिळायच्या." तिने सांडशीने डबाभर बोंडं तोडून आणली. आजोबांनी सगळी खाल्ली. दुपार संपेपर्यंत डबा रिकामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने खाटेखालचं भांडं ओढलं, वर्तमानपत्र उचललं आणि किंचाळली.

भांड्यात लाल पाणी होतं.

"रक्त! अगं बाई, रक्त जातंय!" आईने भांडं उचललं, धावत मोरीत नेलं, ओतलं, वर बादलीभर पाणी ओतलं, जंतुनाशक ओतलं आणि खसाखसा घासलं. तिचे हात आपोआप चालले होते. घाण दिसली की धुवायची, हेच त्या हातांना ठाऊक.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. त्यांनी आजोबांचं पोट दाबून पाहिलं.

"लघवी दाखवा."

"टाकली," आई म्हणाली.

"टाकली? अहो, तपासायला नको का?"

"मग काय बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवू?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच तर करायचं असतं."

नवी लघवी तपासली तर ती पिवळी, स्वच्छ. डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. त्यांनी आजोबांना विचारलं, "आजोबा, काल काही लाल खाल्लं होतं का? बीट वगैरे? काही जणांना त्याने रंग येतो."

शीबाईने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आईकडे पाहिलं.

"नाही," आजोबा म्हणाले. "भात आणि भोपळा."

"मग थांबून थांबून रक्त जातंय असं धरायला हवं. आत नळी घालून दुर्बिणीने बघावं लागेल. या वयात त्यात थोडा धोका आहे, पण न बघता सोडणं जास्त धोक्याचं. उद्या दुपारी इस्पितळात घेऊन या."

नळी हा शब्द ऐकताच आजोबांची बोटं चादरीत रुतली. मुतखड्याच्या वेळी एकदा नळी घातली होती. शीबाई तेव्हा बाहेरच्या बाकावर बसली होती. आतून आलेली किंकाळी आजोबांची आहे हे तिला आधी कळलंच नव्हतं. तिला वाटलं, कुणा लहान मुलाला लागलं.

डॉक्टरीणबाई गेल्या. आई स्वयंपाकघरात गेली. शीबाई खाटेजवळ आली, नाक न धरता.

"आजोबा, तुम्ही खोटं बोललात."

"हळू बोल."

"बोंडांनीच झालंय ते! सांगा ना आईला!"

"ती माझं सगळं करते गं," आजोबा म्हणाले. "सगळं म्हणजे काय, ते तू नाक धरून बघतेसच. पण ती कधी तोंड फिरवत नाही. एकदा का किळस आली ना, की माणूस काम करतं, पण तोंड फिरवून करतं. मला ते बघायचं नाही."

"आणि नळी?"

"नळी काय, घडीभराची असते," आजोबा म्हणाले. आणि त्यांनी दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

शीबाई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईला सगळं सांगून टाकलं. डबा, सांडशी, बिया गिळायची युक्ती, सगळं.

आई कणीक मळता मळता थांबली. "आजोबांची नळी चुकवायला थापा मारतेस?"

"देवाशपथ नाही!"

"मी तुझ्याएवढी होते तेव्हा माळावर जाऊन फ्रॉकच्या ओच्यात भरभरून बोंडं खाल्लीत. जीभ लाल व्हायची, ओठ लाल व्हायचे. लघवी कधी लाल झाली नाही. आणि रक्त कसं दिसतं ते मला नको शिकवूस. दिवसभर दुसरं काय बघते मी?" मग तिने दारातून विचारलं, "बाबा, खाल्लीत का हो ती नाल्यावरची बोंडं?"

"नाही," आतून आवाज आला.

"ऐकलंस?" आई म्हणाली, आणि पुन्हा कणकेकडे वळली. तिचेही डोळे ओले होते. तिला खरंच वाटत होतं की आजोबांना काहीतरी मोठं झालंय.

शीबाई जिन्यात जाऊन बसली. आई खोटं बोलत नव्हती. आईने बोंडं खाल्ली आणि काही झालं नाही, हेही खरं. आजोबांनी खाल्ली आणि झालं, हेही खरं. दोन्ही खरं कसं असेल?

आता तुम्हीही तिच्याबरोबर विचार करा. आई आजोबांची कोण? सून. दुसऱ्या घरातून आलेली. आणि शीबाई? सगळे म्हणायचे, ही थेट आजोबांच्या वळणावर गेलीय. तेच रुंद कपाळ, डाव्या कानाची तीच दुमडलेली पाळी. कान आजोबांचा मिळू शकतो, तर पोट का नाही?

हे डोक्यात आलं आणि पाठोपाठ दुसरं आलं, की मग बोंडं कुणाला खावी लागणार. शीबाईला तिथेच, जिन्यात, उमासा आला.

तरी ती गेली. कचऱ्याच्या पेटीपाशी मेलेला उंदीर फुगून पडला होता आणि त्याच्या डोळ्यापाशी मुंग्यांची रांग लागली होती. नाला फसफसत होता. भिंतीवर उरलेली बोंडं जास्त पिकून फुटली होती. एकावर गांधीलमाशी बसून रस पीत होती. शीबाईने फुटलेली सोडून बाकीची तोडली. पांढऱ्या कापसातला एक किडा सांडशीवरून तिच्या मनगटावर आला. तिने हात झटकला, पण डबा सोडला नाही.

आई शेजारणीकडे उद्यासाठी बोलायला गेली होती. शीबाईने बोंडं साबणाने धुतली, पुन्हा धुतली, आणि आजोबांच्या टेबलाशी येऊन बसली. भिंग डोळ्याला लावलं. चिमटा घेतला. भिंगातून कुसं भाल्यांसारखी दिसत होती.

"तिरकं धर," खाटेवरून आजोबा म्हणाले. "सरळ बघितलंस तर दिसणार नाहीत. उजेडात तिरकं." मग म्हणाले, "मला नको हं आता. कुणासाठी करतेस?"

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी? शीबाई बोंड खाणार?" आजोबा हसायला लागले. कवळी हलेपर्यंत हसले. आणि हसता हसता मधेच थांबले, कारण त्यांना कळलं. "नको गं," ते म्हणाले. "नको, बाळा. तुला सोसायचं नाही."

शीबाईने पहिलं बोंड तोंडात टाकलं.

चवीला ते गोड होतं, हे खरं आहे. पण तिला गोड लागलंच नाही. तिला फक्त कळलं की तोंडात काहीतरी कोमट, बुळबुळीत आहे आणि ते जिभेखाली सरकतंय. नाल्याचा वास नाकात होताच. डोळ्यांपुढे फुगलेला उंदीर आला. घशातून सगळं उलटं वर आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि गिळलं. बिया दातांवर करकरल्या. एक चुकलेलं कूस जिभेत रुतलं, ते आजोबांनी चिमट्याने काढलं. मग दुसरं बोंड. मग तिसरं. तार लोंबली हनुवटीवरून; ती तिने बाहीने पुसली. ताटली रिकामी होईपर्यंत ती "शीऽ" म्हणाली नाही. तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं.

सकाळी आई लवकर कामावर गेली. दुपारी आजोबांना न्यायचं म्हणून अर्ध्या दिवसाची सुट्टी घ्यायची होती. शीबाई उठली. पोट जड होतं, बोटं ठणकत होती. तिने जॅमची रिकामी बाटली धुवून घेतली आणि मोरीत जाऊन कडी लावली.

थोड्या वेळाने आतून मोठ्याने आवाज आला, "शीऽऽऽ!" आणि पाठोपाठ, "आजोबाऽऽ! कान तुमचाच आहे!"

धुलाईघर वाफेने भरलेलं होतं. मोठमोठे ड्रम घरघरत होते, गाड्यांवर मळक्या चादरींचे डोंगर आणि पलीकडे धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र घड्या. आई लांब रबरी हातमोजे घालून डाग बघत होती. तिने मान वर केली तर समोर तिची लेक, घामाघूम, दोन्ही हातांत एक बाटली धरलेली. बाटलीत लाल पाणी.

"हे काय? बाबांचं? पुन्हा गेलं?"

"माझं."

आईचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला. तिने शीबाईचे खांदे धरले, कपाळ चाचपलं, पोट चाचपलं. "कुठे दुखतंय? कधीपासून जातंय? बोल ना!"

"कुठ्ठेच दुखत नाही. बोंडं खाल्ली मी काल. सगळी. आजोबांनी खाल्ली होती तश्शीच."

"तू?" आई म्हणाली. "तू खाल्लीस?"

आईने बाटली घेतली, खिडकीतल्या उजेडाकडे धरली, कलती केली. बराच वेळ बघत राहिली. मग खुर्चीवर बसल्यासारखी चादरींच्या ढिगावर बसली. ढीग मळक्यांचा आहे, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

"ते मला घाबरून नाही म्हणाले," ती हळूच म्हणाली. "नळीला नाही घाबरले. मला घाबरले."

आणि तिचा हात, सवयीचा हात, बाटली घेऊन मोरीकडे वळला.

शीबाईने तो वाटेतच पकडला. बाटली काढून घेतली, झाकण पुन्हा घट्ट फिरवलं.

"ही टाकायची नाही," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई तपासणार आहेत. आणि जाताना आधी घरी जायचंय. किळस येणार नाही म्हणून आजोबांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही."

आईने हातमोजे काढले. आणि शीबाई बाटली छातीशी धरून तिच्या पुढे चालू लागली, जपून, हिंदकळू न देता. दोन्ही हात बाटलीला लागले होते. नाक धरायला एकही मोकळा नव्हता, आणि तिला त्याची आठवणही झाली नाही.